खुब्याचं चित्र

माझी ताई पुस्तकं वाचायची नाही, दुरुस्त करायची. "तुमची बहीण काय करते?" असं कुणी विचारलं आणि मी "ग्रंथालयात असते" म्हटलं की समोरचा आदरानं मान डोलवायचा. मग मी मुद्दाम पुढे सांगायचे, "पुस्तकं चिकटवते." मान डोलायची थांबायची. मला अशा माणसांचा भारी राग येतो. त्यांना वाटतं, पुस्तक झाडाला लागतं आणि तिथेच टिकतं.

ग्रंथालयाच्या तळघरात तिची खोली होती. भिंतीत अगदी वर एकच खिडकी, आणि तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांचे फक्त पाय दिसायचे. खाली लांब टेबल, त्यावर खळीचं पातेलं, जाड सुया, मेण लावलेला दोरा, पुठ्ठ्यांची चळत. कोपऱ्यात पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा. त्याचं चाक फिरवताना धडधाकट शिपायाच्या तोंडाला फेस यायचा, ताई बोलता बोलता फिरवायची. पाठ मोडलेली, शिवण उसवलेली, पानं सुटलेली पुस्तकं वरून खाली यायची आणि नवी होऊन वर जायची. "ह्या बाईच्या हातचं पान पुन्हा सुटत नाही," असं ग्रंथपाल येता-जाता म्हणायचे. बहीण आहे म्हणून सांगत नाही, आमचं तर भांडणच जास्त. पण ते खरं होतं.

भावजी एका लांबलेल्या आजारात गेले, तेव्हा ताईची मुलगी नुकती उभी राहायला शिकली होती. उभी राहिली की लगेच स्वतःभोवती गरगर फिरायची, पडायची आणि हसायची. म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणायचो. घरात दोन खोल्या आणि तिसरा मजला. मी पलीकडच्याच दारात राहायचे, आणि कपडे उसवून-बेतून देणाऱ्या एका दुकानात शिलाई करायचे. म्हणजे एक बहीण पुस्तकं शिवणारी, दुसरी कपडे. सुईदोऱ्यावाचून आमच्या घराण्याला काही सुचलंच नाही.

ते पुस्तक पहिल्यांदा ताईच्या टेबलावर आलं तेव्हा त्याची पाठ पार निखळली होती. बॅले नावाचा जो परदेशी नाच आहे, पायांच्या चवड्यांवर उभं राहून करतात तो, त्याच्या तंत्राचं ते पुस्तक होतं. मोठ्या आकाराचं, जाड कागदाचं, पानोपानी चित्रं. मजकूर परभाषेत, त्यातलं एक अक्षर आमच्यातल्या कुणाला लागत नव्हतं. काही चित्रांची पानं अशीच सुटी होती, त्यांच्यावर आकडाही नव्हता. त्याच आठवड्यात डॉक्टरकी शिकणाऱ्यांचं एक थोराड पुस्तकही टेबलावर उसवलेलं पडलं होतं, त्याचीही पानं अशीच सुटी. ताईनं दोन्ही पुस्तकं नीट लावली, शिवली, शिकंज्यात घातली आणि वर पाठवून दिली.

नाचाचं पुस्तक पुढे कुणी मागितलंच नाही. काही काळानं ते रद्दीत काढायचं ठरलं, तेव्हा ताईनं ते मागून घेतलं. मला म्हणाली, "एवढं जीव लावून शिवलंय, रद्दीत कसं टाकू?" एवढंच कारण होतं. तिला नाचाचं काही वेड नव्हतं. वेड लागलं ते भिंगरीला, आणि तेही पहिल्याच संध्याकाळी. जमिनीवर पालथी पडून ती पानं उलटत राहिली, जेवायला हाका मारून मारून ताईचा घसा बसला.

तेव्हा हातातल्या फोनवर जगातलं सगळं दिसायचे दिवस नव्हते. शिकवणी आमच्या आवाक्यातली नव्हती. गावात ह्याच नाचाची एक मोठी शाळा होती, तिथे थोडी मोठी झालेली मुलं परीक्षा घेऊन निवडायचे, आणि निवडलेल्यांना सगळं शिक्षण शाळाच द्यायची. भिंगरीनं हे कुठूनसं ऐकलं आणि जाहीर केलं, "मी तिथे जाणार." त्या दिवसापासून तिला दुसरं काही नको झालं. वाढदिवसाला काय हवं, तर पुस्तकाजवळ ठेवायला दिवा. सुट्टीत कुठे जायचं, तर कुठेच नाही, सराव करायचाय.

मग दोघी मायलेकी पुस्तकावरून शिकायला लागल्या. ताई काम आटोपून यायची, हात धुवायची, पुस्तक शेगडीपासून लांब, ओट्याच्या टोकाला उभं करायची आणि चित्र निरखायची. भिंगरी खुर्चीची पाठ धरून तसंच करायची. नावं वाचता येत नव्हती म्हणून त्यांनी स्वतःची नावं पाडली. एक पाय मागे उचलून झुकायचं तो 'बगळा'. हात गोल करून पोटापुढे धरायचे ती 'पाटी'. हवेत पाय उघडून मिटायचे ती 'कात्री'. एक चित्र होतं, त्यातली बाई खांदे पाडून, मान लांब करून उभी होती; त्याला त्या 'मावशी रुसली' म्हणायच्या. ते नाव कुणावरून पडलं हे मी विचारलं नाही. दारातून मी ओरडायचे, "झाली का गं मावशी रुसून?" आणि आतून हसण्याची लाट यायची.

सगळ्याच्या मुळाशी एक उभं राहणं होतं. टाचांना टाचा लावायच्या आणि पावलं दोन बाजूंना अशी वळवायची की दोन्ही मिळून एक सरळ रेघ झाली पाहिजे. पुस्तकात ते पहिल्याच चित्रात होतं आणि पुढच्या प्रत्येक चित्रात होतं. भिंगरीची पावलं काही तेवढी वळायची नाहीत. तेव्हा ताई तिच्यापुढे गुडघ्यांवर बसायची, दोन्ही तळव्यांत तिचे घोटे धरायची आणि हळूहळू बाहेर वळवायची. जबरदस्तीनं नाही हं. ताईच्या हाताला घाई माहीतच नव्हती. पुठ्ठा ओला असताना जसा कलाकलानं वळवतात तसं ती वळवायची, धरून ठेवायची, सोडायची.

"दुखतंय का गं?"

"थोडंसं."

"मग राहू दे."

"नको ना आई, अजून थोडं. पुस्तकातल्या बाईचं बघ ना कसं सरळ आहे."

हे मी दारात उभं राहून ऐकलेलं आहे, एकदा नव्हे, कित्येकदा. आता ते आठवलं की हातातली सुई मी बाजूला ठेवते, कारण बोटात जाते.

ज्या दिवशी पावलांची ती सरळ रेघ आली, त्या दिवशी दोघींनी मला हाताला धरून ओढत नेलं. भिंगरी खुर्ची सोडून उभी होती, पावलं अगदी पुस्तकातल्यासारखी, आणि चेहऱ्यावर असं काही तेज की मी थट्टा करायची विसरले. ताईचे डोळे भरून आले होते. ती म्हणाली, "हिचे बाबा असायला हवे होते आज."

पुढे पुढे भिंगरीचे गुडघे दुखायला लागले. जिना उतरताना ती भिंत धरायची. ताईनं गल्लीतल्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, वाढत्या वयाचं दुखणं आहे, जाईल. डॉक्टरच म्हणाले म्हटल्यावर आम्ही कोण? ताई रोज तिचे पाय चोळून द्यायची, शेकायची, आणि मग पुस्तक उघडायची.

परीक्षेचा दिवस ठरला. मी दुकान बंद झाल्यावर बसून भिंगरीसाठी पोशाख शिवला, पुस्तकातल्या बाईच्या झग्यासारखा. घोट्यापर्यंत लांब, झालरीवर झालर. तो अंगात घालून ती नुसती चालली तरी नाचल्यासारखं वाटायचं. निघताना ताईनं पुस्तकही एका स्वच्छ फडक्यात गुंडाळून घेतलं. "ते कशाला?" मी विचारलं. "कुणाकडे शिकली असं विचारलं तर दाखवायला नको?" ती म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता. का नसावा?

शाळेत मोठं दालन, तिन्ही भिंतींना आरसे. बाकीच्या मुली अंगाला चिकटून बसणाऱ्या साध्या काळ्या कपड्यांत होत्या. लांब झग्यात आमची एकटीच. काही जणी तोंडावर हात ठेवून हसल्या, आणि माझा पारा चढला. पण भिंगरीचं तिकडे लक्षच नव्हतं. परीक्षेला एक वयस्कर बाई होत्या, पाठ ताठ, केस घट्ट बांधलेले. त्यांनी काही नावं घेऊन काय करायचं ते सांगितलं. भिंगरी गोंधळली. मग धीटपणे म्हणाली, "मला ही नावं नाही येत. करून दाखवलंत तर मी ओळखीन." बाईंनी हातानं खूण केली. "अच्छा, बगळा होय!" असं म्हणून भिंगरीनं केलं. तिथे पियानो वाजवायला बसलेला माणूस हसला, बाईही हसल्या. पण ते हसणं चांगलं होतं, मला कळतं.

मग ती नाचली. मला नाचातलं ओ की ठो कळत नाही. पण बाईंनी हातातली लेखणी खाली ठेवली आणि पुन्हा उचललीच नाही, हे मी पाहिलं. ताईनं माझा हात एवढा घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली. मला वाटलं, झालं, जिंकलं पोरीनं.

"बाळा, तो झगा जरा काढतेस का?" बाई म्हणाल्या. आत तिनं घट्ट विजार घातली होती. "आता उभी राहा, तुझं पहिलं उभं राहणं."

भिंगरी उभी राहिली. टाचांना टाचा, पावलांची सरळ रेघ. बाईंचा चेहरा बदलला. त्या उठून आल्या, वाकून तिच्या गुडघ्यांकडे बघत राहिल्या. त्यांनी तिला चटईवर उताणं झोपवलं, मांडी धरून बाहेर वळवून पाहिली. ती थोडीशी वळली आणि अडली. दुसरी पाहिली, तीही तशीच. मग त्यांनी गुडघ्याच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला तेव्हा भिंगरी कळवळली.

"हे हिला कुणी शिकवलं?"

"आईनं," भिंगरी म्हणाली. "पुस्तकातून."

ताईनं फडकं सोडून पुस्तक पुढे केलं. बाईंनी ते पाहिलं आणि क्षणभर त्यांचा चेहरा मऊ झाला. "हे माझ्याकडेही होतं, तुमच्या मुलीएवढी असताना." त्या पानं उलटायला लागल्या, पुढे गेल्या, पुन्हा मागे आल्या. "इथे एक पान असतं. ते कुठाय?"

"कुठलं पान?" ताईनं विचारलं. "मीच शिवलंय हे. एकही पान गेलेलं नाही."

"हाडांचं चित्र असतं. खुब्याचं." बाईंनी स्वतःच्या कमरेखाली, मांडी जिथे सुरू होते तिथे हात ठेवला. "पाऊल वळवायचंच नसतं. इथून वळायचं असतं, खुब्यातून. मांडी वळते, गुडघा तिच्याबरोबर जातो, पाऊल सगळ्यांच्या मागून. आणि खुबा जेवढा वळेल तेवढंच; ज्याचा कमी वळतो त्यानं कमी वळवायचं. ह्या पुस्तकात ते फक्त त्या एका चित्रात दिसतं. बाकी सगळीकडे झगे आहेत, आतलं काही दिसत नाही."

ताईनं पुस्तकाच्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग अगदी लहान आवाजात तिनं विचारलं, "सांगाडा होता का? पाय असे बाहेर करून उभा?"

"हो, तोच."

"मला वाटलं डॉक्टरांचा आहे," ताई म्हणाली. "मी तो डॉक्टरांच्या पुस्तकात लावला."

कुणी हसलं नाही. दुसऱ्या कुठल्या दिवशी तिनं हे सांगितलं असतं तर मी तिला जन्मभर चिडवलं असतं, सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरले असते. दोन पुस्तकं एका टेबलावर उसवलेली, अक्षर एकाचंही वाचता येत नाही, आणि हातात हाडांचं एक सुटं पान. कुणीही ते तिथेच लावलं असतं. हे मी तिला तेव्हापासून आजपर्यंत सांगत आले आहे, आणि ती दर वेळी "हो" म्हणते आणि तिला ते पटत नाही.

बाईंनी भिंगरीला उठवून बसवलं. त्या वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. त्या म्हणाल्या, "हिच्या खुब्याची ठेवणच अशी आहे की तो जास्त वळणार नाही. तेवढं जे कमी पडलं ते सगळं गुडघ्यांवर आलंय, आणि तेही कित्येक वर्षं. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, लगेच. मी हिला नाचू देऊ शकत नाही." मग थांबून म्हणाल्या, "हात मात्र असे मी फार क्वचित बघितलेत. हात कुणी शिकवले?"

हातही त्याच पुस्तकातून आले होते. ताई पुस्तक पुन्हा फडक्यात गुंडाळायला लागली.

हाडांच्या डॉक्टरांनी बाईंचंच म्हणणं खरं ठरवलं. गुडघ्याच्या आतलं जे मऊ असतं ते झिजलं होतं. उड्या नाहीत, पळणं नाही, नाच तर नाहीच. भिंगरीनं विचारलं, "कधीपर्यंत नाही?" डॉक्टर तिच्याकडे न बघता म्हणाले, "आता नाहीच, बाळा." ती रडली नाही. घरी आल्यावर तिनं झगा हँगरला लावला, झालरी सारख्या केल्या आणि माझ्याकडे आणून दिला. "मावशी, कुणाला तरी बेतून दे." मी तो घेऊन माझ्या घरात आले, दार लावलं आणि तोंडात पदर कोंबून रडले.

ताई दुसऱ्या दिवशी कामावर गेली आणि तिनं डॉक्टरांचं ते पुस्तक वरून मागवून घेतलं. पान तिथेच होतं, तिनं जिथे लावलं होतं तिथे. ते निघेना. तिच्या हातचं पान, ते कसं निघावं? ओल्या कापडानं वाफ देत, पात्याची पाठ सरकवत ती दिवसभर बसली होती, हे मला शिपायानं नंतर सांगितलं. संध्याकाळी घरी आली आणि ते पान नाचाच्या पुस्तकात त्याच्या जागी लावून भिंगरीपुढे ठेवलं. काय म्हणून ठेवलं, तिलाच ठाऊक. मला तर ते बघवेना. मी म्हटलं, "ताई, आता कशाला तिच्यापुढे?" ती म्हणाली, "तिला कळायला हवं कुणी केलं ते."

भिंगरी त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिली. सांगाडा, पाय बाहेर करून उभा, आणि खुब्यावर एक बारीक बाण. मग तिनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "तू नाही केलंस आई. तू सारखी म्हणायचीस, राहू दे म्हणून. तू झोपलीस की मी भिंतीशी उभी राहून स्वतःच अजून वळवायचे. त्यानंच झालं."

तिची खाट माझ्या भिंतीला लागून होती. त्या घरात कुणी कूस बदलली तरी मला कळायचं. ती कधीही उठत नव्हती. ताईलाही हे माहीत होतं. पण त्या पोरीनं आपल्या आईसाठी रचलेलं ते खोटं ताईनं तसंच राहू दिलं.

ह्या सगळ्याला आता पुष्कळ वर्षं झाली. आम्ही तिला भिंगरी म्हणणं बंद केलं. कुणी ठरवलं नाही, जीभच वळेना. ती एका औषधांच्या दुकानात काम करते, टेबलामागे बसून. तिच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालीय, दुसऱ्याची व्हायचीय. बोलकी आहे, गिऱ्हाइकांत लाडकी आहे. नाचाविषयी बोलत नाही.

परवा आम्ही तिघी बाजारातून परत आलो. ताई आता कामावरून निवृत्त झालीय, पण हातापायानं अजून घट्ट आहे. दोन्ही हातांत तिच्या जड पिशव्या होत्या. पहिला मजला चढलो आणि ताई कठड्याला टेकून थांबली. "थांबा गं जरा, मला दम लागला."

मी सवयीनं तोंड उघडलं. "तुला? तुला कसला दम लागतो? तू तर..."

ताईनं माझ्याकडे असं बघितलं की माझं वाक्य तिथेच राहिलं. तिचा श्वास अगदी शांत चालला होता. मागे पोरगी एका पायावर भार टाकून उभी होती, ओठ आवळलेले, कपाळावर घाम.

"मावशी, बोलू नकोस तिला," ती म्हणाली. "वय झालंय तिचं. थांबू दे."

दुसऱ्या मजल्यावर ताईला पुन्हा दम लागला. ह्या वेळी पोरीनंच आधी विचारलं, "आई, थांबायचं का?" आणि ताई म्हणाली, "हो गं, थांबूया थोडं." दोघी तिथे उभ्या राहिल्या, एकमेकींकडे न बघता. मी पिशव्या घेऊन पुढे निघाले, दार उघडायच्या निमित्तानं.